वाचकांचे प्रश्न: ‘एलिट स्क्वॉड’चा कॅप्टन हिरो आहे का?

मागच्या अंकात ‘एलिट स्क्वॉड’वर चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं येतील असं अजिबात वाटलं नव्हतं. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा ब्राझीलचा २००७ चा सिनेमा, मूळ नाव ‘त्रोपा दे एलिते’, दिग्दर्शक जोझे पादिल्या. गोष्ट १९९७ च्या रिओ दि जानेरोमधली. तिथे पोलिसांचं बोपी नावाचं एक खास पथक आहे, काळा युनिफॉर्म, खांद्यावर कवटीत खुपसलेल्या खंजिराचं चिन्ह. त्याचा कॅप्टन नासिमेंतो. बायको गरोदर आहे, त्याला या कामातून बाहेर पडायचंय, पण आपल्या जागी कुणीतरी तयार केल्याशिवाय तो सोडू शकत नाही. नेतो आणि मातियास हे लहानपणापासूनचे मित्र नुकतेच पोलिसात आलेत, दोघंही प्रामाणिक, आणि त्याची नजर या दोघांवर आहे. खाली शेवटाबद्दलही बोललेय, ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी सिनेमा बघून मगच वाचा.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या हॉस्टेलवर हा पिक्चर तीनदा बघून झाला, नासिमेंतो आमचा हिरो आहे, माझ्या मोबाईलवर कवटीचा वॉलपेपर पण आहे. पण एक मैत्रीण म्हणाली की हा फॅसिस्ट पिक्चर आहे आणि तू त्याला टाळ्या वाजवतोस. मला राग आला पण उत्तर देता आलं नाही. कोण बरोबर?

उत्तर: तुझ्या मैत्रिणीने जे म्हटलं ते जगभरात म्हटलं गेलंय. २००८ मध्ये बर्लिनच्या फेस्टिव्हलला सिनेमा गेला तेव्हा काही समीक्षकांनी अगदी हाच शब्द वापरला, आणि त्याच फेस्टिव्हलला त्याला गोल्डन बेअर मिळालं, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस. ज्युरीचे अध्यक्ष होते कोस्ता-गाव्रास, ज्यांनी सरकारी हिंसेविरुद्धचे गाजलेले सिनेमे काढले. त्यामुळे एका शब्दात निकाल लावण्यासारखी ही गोष्ट नाही.

माझं म्हणणं असं की तू टाळ्या वाजवल्यास याचं मुख्य कारण तो आवाज आहे. पूर्ण सिनेमाभर नासिमेंतो आपल्याशी बोलत असतो ना, शांतपणे, हुशारीने, मधेच हसवत, आणि जे काही दिसतं त्याचा अर्थ तोच सांगत जातो. एखादा माणूस दोन तास कानाशी बसून आपली बाजू मांडत राहिला की आपण त्याचे होऊन जातो. गंमत म्हणजे आधी असं ठरलेलंच नव्हतं, शूटिंगच्या वेळी गोष्ट सांगणारा मातियास होता. एडिटिंगला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वाग्नर मौराने केलेला नासिमेंतोच सिनेमा खेचून नेतोय, म्हणून लेखक ब्राउलियो मान्तोवानीने निवेदन नव्याने लिहिलं आणि ते नासिमेंतोच्या तोंडी दिलं. आता जरा कल्पना कर, हीच दृश्यं मातियासच्या आवाजात असती, म्हणजे एक गरीब घरातला काळा पोरगा, जो दिवसा कायद्याचं कॉलेज करतो आणि हळूहळू माणूस मारायला शिकतो, त्याच्या तोंडून. तुझा वॉलपेपर तोच राहिला असता का?

पुढच्या वेळी एक कर, तो काय बोलतोय त्याकडे थोडं दुर्लक्ष कर आणि त्याच्या अंगाकडे बघ. हात थरथरतात, छातीत धडधडतं, गोळ्या खातो, डॉक्टरकडे जाऊन खरं सांगत नाही, बायकोवर ओरडतो आणि शेवटी ती निघून जाते. तोंडाने म्हणतोय आम्ही बरोबर आहोत, आणि शरीर म्हणतंय आता बास. दिग्दर्शकाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर ठेवल्यात, आणि मला तरी वाटतं खरा सिनेमा त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे. रिओत लोकांनी टाळ्या वाजवल्या हे खरं आहे, पोरं प्रशिक्षणाच्या सीनमधले डायलॉग रस्त्यात एकमेकांवर फेकत होती. ते बघून मला दिग्दर्शकाची काळजी नाही वाटली, टाळ्या वाजवणाऱ्यांची वाटली. तुझीही वाटते, म्हणून एवढं मोठं उत्तर.

प्रश्न: मी ३० वर्षं सरकारी ऑफिसात अकाउंट्स बघितले, आता रिटायर झालोय. मला गोळीबारापेक्षा पोलीस स्टेशनच्या आतला भाग जास्त पटला. गाडीचं चांगलं इंजिन काढून विकतात, सुट्टीसाठी वरिष्ठाला पैसे द्यायचे, प्रेत उचलून दुसऱ्याच्या हद्दीत टाकायचं म्हणजे आपला आकडा कमी! हे दिग्दर्शकाने रचलेलं आहे की असं खरंच चालतं?

उत्तर: काका, तुमची नजर अगदी योग्य जागी गेली. हा भाग हवेतून आलेला नाहीये. सिनेमाच्या लेखकांपैकी रोद्रिगो पिमेंतेल स्वतः बोपीमध्ये कॅप्टन होता, आणि २००६ मध्ये त्याने दुसरा एक पोलीस अधिकारी आणि समाजशास्त्रज्ञ लुइझ एदुआर्दो सोआरेस यांच्याबरोबर पथकातल्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं होतं, त्यातही हाच सगळा आतला कारभार होता. हे सोआरेस काही काळ रिओ राज्याच्या सुरक्षा खात्यात मोठ्या पदावर होते, त्यामुळे त्यांनी हे वरूनही बघितलेलं. सिनेमा थांबवावा म्हणून काही पोलीस कोर्टात गेले होते, यावरून काय ते समजा.

तिथली रचना थोडी समजून घेतली तर चित्र अजून स्पष्ट होतं. ब्राझीलमध्ये प्रत्येक राज्यात दोन वेगळे पोलीस असतात, एक मिलिटरी पोलीस म्हणजे युनिफॉर्म घालून गस्त घालणारे (नाव मिलिटरी असलं तरी ते राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली), आणि दुसरे सिव्हिल पोलीस म्हणजे तपास करणारे. जो रस्त्यावर असतो तो तपास करत नाही, आणि जो तपास करतो तो रस्त्यावर नसतो. मिलिटरी पोलिसात बटालियनप्रमाणे हद्दी वाटलेल्या, पगार तुटपुंजा. मग हद्द म्हणजेच कमाई. दुकानदाराकडून संरक्षणाचे पैसे, चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलायची आणि सोडवायला पैसे, आणि टेकडीवरच्या गरीब वस्त्यांमधल्या ड्रग्जवाल्यांकडून ठरलेला हप्ता, ज्याला तिथे आर्रेगो म्हणतात. हप्ता मिळाला की त्या दिवशी गस्त दुसऱ्या गल्लीत.

आणि बिशो. सिनेमात बटालियनकडे जी पैशांची पाकिटं येतात ती बिशोवाल्यांची, म्हणजे प्राण्यांच्या नावाची लॉटरी, २५ प्राणी, प्रत्येकाच्या वाट्याला आकडे. १८९२ मध्ये रिओच्या एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाने लोक यावेत म्हणून तिकिटावर सुरू केलेला खेळ, तो कधीच बेकायदा ठरला पण आजही चालू आहे, आणि इतकी वर्षं बेकायदा धंदा उघड्यावर चालतो म्हणजे कुणाला तरी दर महिन्याला पैसे पोचतायत. नेतो आणि मातियास काय करतात आठवतं? ते ती लाचेची रक्कम मधेच पळवतात आणि त्यातून पोलिसांच्याच बंद पडलेल्या गाड्यांचे पार्ट आणतात. दोन प्रामाणिक पोरांना सरकारी गाडी चालू करायला चोरी करावी लागते. हा सीन मला अख्ख्या सिनेमातला सगळ्यात दुःखी सीन वाटतो, आणि त्यात रक्ताचा एक थेंब नाही.

प्रेतांचं म्हणाल तर तोच हिशेब. तुम्ही अकाउंट्सवाले, तुम्हाला हे लगेच कळलं कारण आकडा जेव्हा वरिष्ठांना खूश करण्यासाठी असतो तेव्हा लोक काम सुधारत नाहीत, आकडा सुधारतात. मातियास मोठ्या उत्साहाने भिंतीवर नकाशा लावून गुन्हे कुठे कुठे होतात ते मांडतो, आणि साहेबाला राग येतो, कारण त्या नकाशात खरं दिसतं.

प्रश्न: सिनेमात पोपच्या सुरक्षेसाठी टेकडीवरच्या वस्तीत बोपीचं ऑपरेशन दाखवलंय, हे खरं घडलेलं का?

उत्तर: पोप जॉन पॉल दुसरे ऑक्टोबर १९९७ मध्ये रिओला आले होते आणि आर्चबिशपच्या निवासस्थानी राहिले होते, ते तुरानो टेकडीच्या जवळ आहे, एवढं खरं. नासिमेंतो, टेकडीवरचा ड्रग्जवाला बायानो वगैरे पात्रं काल्पनिक. पण विचार करा, शांततेचा संदेश घेऊन येणाऱ्या पाहुण्याला रात्री नीट झोप लागावी म्हणून शेजारच्या टेकडीवर रोज रात्री माणसं मारायची, यावर कुणीही वेगळं भाष्य करायची गरज उरत नाही.

प्रश्न: फावेला म्हणजे झोपडपट्टीच ना? मग त्या टेकड्यांवर पक्की विटांची घरं कशी दिसतात, आणि खाली लगेच समुद्रकिनारा आणि श्रीमंतांच्या बिल्डिंगी?

उत्तर: झोपडपट्टी म्हटलं तरी चालेल पण डोळ्यासमोर पत्रे आणि ताडपत्री आणू नका. वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, लोकांनी कमावत कमावत एकेक मजला चढवलाय. नावाची गोष्ट पण ऐका. १८९७ मध्ये ब्राझीलच्या कानुदोस गावातलं बंड सैन्याने चिरडलं, ते सैनिक रिओला परत आले आणि सरकारने कबूल केलेली घरं त्यांना मिळालीच नाहीत. मग त्यांनी एका टेकडीवर स्वतःच खोपटी बांधली आणि लढाईच्या भागात फावेला नावाचं झुडूप असलेली टेकडी होती, तेच नाव हिला पडलं. ती टेकडी आता प्रोव्हिदेन्सिया म्हणून ओळखली जाते. म्हणजे पहिली फावेला सरकारने शब्द मोडला म्हणून वसली, हे मला कायम लक्षात राहतं.

तिथले लोक शहराचे दोन भाग करतात, मोरो आणि आस्फाल्तो, टेकडी आणि डांबर. डांबर म्हणजे खालचं शहर, जिथे रस्ते आहेत, टपाल येतं, पोलीस दारावर टकटक करून विचारतात. टेकडीवर दार तोडून येतात. अंतर बघायला गेलं तर पाच मिनिटांचं.

प्रश्न: मी सोशल वर्क शिकवते. सिनेमात एनजीओची मुलं एकदम मूर्ख आणि दुटप्पी दाखवलीत, वस्तीत शाळा चालवतात आणि त्याच बायानोकडून गांजा घेऊन कॉलेजमध्ये विकतात. नासिमेंतो म्हणतो की पोरं मरतात त्याला हे जबाबदार. मला हे फार लागलं. हा आरोप बरोबर आहे का?

उत्तर: लागायलाच हवं, मलाही लागलं. थोडा बरोबर आहे आणि बराचसा सोयीचा आहे. बरोबर एवढ्यासाठी की ड्रग्जचा पैसा खालून वर जातो, घेणारा नसेल तर विकणारा नसेल, आणि मोर्चात पांढरे कपडे घालून शांततेच्या घोषणा देणारा पोरगाच गिऱ्हाईक असेल तर त्याने आरशात बघावं. मातियास त्या मोर्चात घुसून आपल्याच वर्गमित्राला बडवतो तेव्हा क्षणभर मलाही बरं वाटलं होतं, ते खोटं कशाला बोलू.

पण नासिमेंतो साखळीतला एकच दुवा धरून ओढतो आणि बाकीचे सोडून देतो. बायानोच्या हातात रायफल कुठून आली? ती टेकडीवर उगवत नाही. बंदुका येतात त्या रस्त्यावर, बंदरावर, नाक्यावर युनिफॉर्मवालेच असतात, आणि सिनेमाच्या पहिल्या भागात आपण स्वतः बघतो की पोलीस ड्रग्जवाल्यांना हत्यारं विकायला गेलेत. म्हणजे त्याच्याच गोष्टीत उत्तर आहे, पण तो आवाज ते बाजूला सारून विद्यार्थ्यांवर बोट ठेवतो, कारण विद्यार्थ्याला कानफटात मारता येते, कर्नलला मारता येत नाही.

कॉलेजमधला तो वर्ग आठवा. शिक्षा आणि सत्ता माणसाला कसं घडवतात यावर फ्रेंच विचारवंत फुकोचं पुस्तक चर्चेला आहे, सगळी सुखवस्तू पोरं पोलीस किती वाईट यावर तावातावाने बोलतायत, आणि मातियास उठून म्हणतो की तुम्हाला काही माहीत नाही, सगळेच पोलीस असे नसतात. तेव्हा तो बरोबर असतो. आणि सिनेमाच्या शेवटी तोच मातियास फुकोने लिहिलेल्या गोष्टीचा जिवंत पुरावा होऊन उभा असतो. मास्तरीणबाई, तुम्ही शिकवताना हे दोन सीन लागोपाठ दाखवा, तासभर चर्चा चालेल.

आणि एक गोष्ट सिनेमात जवळजवळ नाहीच, ती म्हणजे वस्तीतली साधी माणसं. टेकडीवरचे बहुतेक लोक ना विकतात ना घेतात, सकाळी खाली कामाला जातात, संध्याकाळी जीव मुठीत धरून वर येतात. सिनेमा आला त्या २००७ या एका वर्षात रिओ राज्यात पोलिसांच्या हातून १,३३० माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. कागदावर बहुतेकांपुढे एकच शेरा, प्रतिकार केला म्हणून मृत्यू. एन्काउंटरचा शेरा कुठल्याही भाषेत सारखाच वाचला जातो. त्या माणसांचं बोलणं ऐकायचं असेल तर तुमच्या एनजीओवाल्यांकडेच जावं लागतं, तेव्हा सिनेमातल्या त्या पोरांवरून स्वतःला जोखू नका.

प्रश्न: दुसरा भाग बघावा का? आणि आधी काही बघायला हवं का?

उत्तर: नक्की बघा, पण माझं ऐकाल तर त्याच दिग्दर्शकाच्या ‘बस १७४’ या २००२ च्या डॉक्युमेंटरीपासून सुरू करा. १२ जून २००० ला रिओत एका तरुणाने बस अडवून प्रवाशांना ओलीस धरलं, तासन् तास टीव्हीवर लाइव्ह चाललं, शेवटी एक ओलीस मुलगी मेली आणि त्या तरुणाला जिवंत पकडून पोलिसांच्या गाडीत घातल्यावर तो गुदमरून मेला. तिथे कारवाईला कोण होतं? बोपीच. आणि तो तरुण कोण? जुलै १९९३ मध्ये कांदेलारिया चर्चसमोर झोपलेल्या रस्त्यावरच्या पोरांवर गोळ्या घातल्या गेल्या होत्या, ८ जण मेले, मारणाऱ्यांत पोलीस होते, त्या रात्री वाचलेल्यांपैकी हा एक. पादिल्याने आधी त्या पोराची बाजू सांगितली आणि पाच वर्षांनी पोलिसाची. जे त्याला फॅसिस्ट म्हणतात त्यांनी हे दोन्ही शेजारी ठेवून बघावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा भाग २०१० चा, ब्राझीलमध्ये त्याची एक कोटी दहा लाखांच्या वर तिकिटं विकली गेली, तेव्हाचा तो तिथला विक्रम होता. त्यात नासिमेंतोला उशिरा कळतं की ड्रग्जवाल्यांना हाकलून त्याने जागा रिकामी केली आणि त्या जागेत मिलिशिया येऊन बसली, म्हणजे आजी-माजी पोलीसच, जे आता गॅस सिलिंडर, केबल, व्हॅन, पाणी सगळ्यावर वसुली करतात आणि निवडणुकीत अख्ख्या वस्तीची मतं विकतात. पहिल्या भागात जो हप्ता घेणारा होता तो आता स्वतःच मालक झालाय. यातला प्राध्यापक-आमदार फ्रागा हा मार्सेलो फ्रेशो या खऱ्या आमदारावरून घेतलाय, ज्यांनी २००८ मध्ये विधानसभेत मिलिशियांची चौकशी चालवली होती.

त्या फ्रेशोंबरोबर काम करणारी एक तरुणी होती, मारिएल फ्रांको, मारे नावाच्या फावेलात वाढलेली. पुढे ती रिओची नगरसेविका झाली, पोलिसांच्या हिंसेवर सतत बोलायची, आणि १४ मार्च २०१८ च्या रात्री तिला आणि तिच्या ड्रायव्हरला गाडीत गोळ्या घालून मारलं. २०२४ मध्ये शिक्षा झाली ती दोन माजी पोलिसांना. दुसरा भाग बघताना हे डोक्यात ठेवा, मग तो नुसता सिनेमा वाटणार नाही.

प्रश्न: मला दोन मुलगे आहेत, मोठा १५ चा. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून गुदमरवतात त्या सीनला मी टीव्ही बंद केला, रात्री झोप लागली नाही. मुलगा म्हणतो अगं आई, तो गुन्हेगारच होता. पुढे बघू का? आणि मुलाला काय सांगू?

उत्तर: वहिनी, बंद केलात त्यात काहीच चुकलं नाही. मी पण पहिल्यांदा अर्ध्यात थांबले होते. बघायचाच असेल तर मुलाबरोबर बसून बघा, एकट्याने बघू देऊ नका, आणि पिशवीच्या सीनच्या वेळी खुशाल मान फिरवा.

मुलाला उपदेश करू नका, फक्त एका सीनला थांबवा. टेकडीवर पहारा देणारा एक पोरगा असतो, तुमच्या मोठ्यापेक्षा फार मोठा नसावा, पोलीस दिसले की फटाका वाजवून इशारा द्यायचा एवढंच त्याचं काम. नासिमेंतो त्याच्याकडून माहिती काढून घेतो आणि त्याला तिथेच सोडून निघून जातो. पोलिसांना सांगितलं म्हणून मग टोळीवाले त्याला मारतात. म्हणजे नासिमेंतोने स्वतः गोळी न घालता त्याला मारलं, आणि हे त्यालाही कळतं.

मग त्या पोराची आई येते. ती कोर्टाची भाषा करत नाही, कोण चूक कोण बरोबर विचारत नाही. तिला फक्त पोराचं प्रेत हवंय, पुरायला. आणि समोर बसलेला हा माणूस, जो पूर्ण सिनेमाभर बोलत आलाय, ज्याच्याकडे सगळ्याचं उत्तर आहे, ज्याच्या स्वतःच्या घरी बाळ येणारे, त्याच्याकडे तिला द्यायला काहीच नसतं. त्या सीनला मुलाकडे बघा, तो ‘गुन्हेगारच होता’ म्हणतो का, आणि नाही म्हणाला तर तुम्हीही काही बोलू नका, सिनेमा पुढे चालू करा.